मिल्काबाईंची वही

ऑफिसने दिलेली फाईल निळी होती.
तीत तीन महिन्यांचा आराखडा
आणि मुलांची यादी, सात नावांची.
त्यांतली दोन मागच्या दिवाळीत आईबापांबरोबर लोदला गेली
हे यादीला कुणी कळवलं नव्हतं.

रास्ता पेठेत रिक्षावाल्याला मी सिनेगॉग म्हटलं.
तो म्हणाला, ते इस्राएल लोकांचं देऊळ ना,
मग तसं सांगा की.

किल्ली बेनझायन काकांकडे.
त्यांनी आधी आडनाव विचारलं, नाव नंतर.
"वाकरूळकर? म्हणजे पेणकडच्या तुम्ही.
खडकीच्या फॅक्टरीतला शिमशोन तुमचा कोण?"
कुणी नाही, म्हटलं.
त्यांनी ते मनावर घेतलं नाही.
"असेल कुणीतरी," म्हणाले आणि हात पुढे केला.
हातबोशी.
बोटांना बोटं, मग बोटं ओठांना.
त्यांच्या बोटांना ब्रासोचा वास.

शुक्रवारी संध्याकाळी नऊ पुरुष.
माणसं मोजू नयेत म्हणून काका मोजतात
एक नाही, दोन नाही, तीन नाही,
आणि नवापाशी थांबून दाराकडे बघतात.
मी वर, बायकांच्या सज्ज्यात.
मी 'नाही'तसुद्धा नाही.

खालून कुजबुज : अहरोनला लाव फोन.
दुसरी कुजबुज : तो नाही यायचा,
पंख्यांच्या बिलावरून चार वर्षं झाली.
काळ्या मनुकांचं सरबत झाकून ठेवलेलं.
मग कोपऱ्यावर स्कूटर बंद झाल्याचा आवाज
आणि थोड्या वेळाने अहरोन, पायी,
जणू घोरपडीहून चालतच आलाय.
बसला तो नेमका त्याच पंख्याखाली.
कुणी काही बोललं नाही.
पहिलं आमेन सगळ्यांत मोठं त्याचंच.

माझ्या शेजारी मिल्काबाई चारीकर, एक्क्याऐंशी वर्षांच्या,
मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून निघालेली वही.
तीत सगळी हिब्रू देवनागरीत,
निळ्या शाईची, कुठे कुठे पाणी पडून पसरलेली.
जो ख घशातून काढायचा
त्याच्या खाली हळदीचं बोट टेकवलेलं.
मी गायला लागले, जेरुसलेमला शिकले तशी.
त्या गप्प झाल्या.
वही मिटून ऐकत राहिल्या, पाहुण्याचं ऐकावं तसं.

जिन्यावर माझा दंड धरला, आधारासाठी असं मला वाटलं.
"अक्षरं शिकव ग मला. डोळे आहेत तोवर.
पण चाल बदलू नकोस.
ती नागावची आहे. माझ्या आजीच्या ओटीतून आलीय."

त्या रात्री मी फाईल उघडली.
चालीसाठी तीत रकाना नव्हता.

रविवारी पाच मुलं, त्यांतल्या एकाची आई,
आणि पहिल्या बाकावर मिल्काबाई, पाटी घेऊन. खरीखुरी पाटी.
मी फळ्यावर आलेफ काढला.
सांगितलं, फार फार पूर्वी हे बैलाचं डोकं होतं,
ही शिंगं, इथे तोंड,
लिहिता लिहिता कलंडलं.
मिल्काबाई उठल्या. चष्मा पुसून फळ्याजवळ गेल्या,
मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिल्या.
"बैल?
मग आमच्याच घाण्याचा हा.
शनिवारी जुंपला नाही ना, म्हणून आडवा पडलाय."

मुलं बाकं बडवून हसली.
छोट्या ओवेदने येऊन शेपूट काढली,
त्याच्या बहिणीने पुढ्यात पेंडीची टोपली.
कुणीतरी विचारलं, रविवारी उठतो का तो?
मिल्काबाई म्हणाल्या, उठतो की, पण हाक मारावी लागते,
आणि त्यांनी ती मारली, नागावच्या चालीवर, आ लांबवत.

फाईलमध्ये लिहिलं होतं : धडा पहिला, वीस मिनिटं.
आम्हाला दीड तास लागला
आणि दुसरं अक्षर आलंच नाही.

दिवे मालवताना बेनझायन काकांनी डस्टर उचललं,
फळ्याकडे पाहिलं,
परत खुंटीला अडकवलं.
"बसू दे त्याला," म्हणाले.